मुलाच्या मागे चालत गेलेला पैसा

अमेरिकेच्या नकाशात अगदी वरच्या अंगाला, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, हिबिंग नावाचे एक गाव आहे. आपल्याकडे धरणासाठी गावे उठतात, हे गाव लोखंडासाठी उठले. गावाच्या पोटातच उत्तम प्रतीचे खनिज आहे हे ध्यानात आल्यावर १९१९ पासून तिथली घरे, दुकाने ओंडक्यांवर चढवून मैल-दोन मैल दक्षिणेला ओढून नेण्यात आली. नव्या जागी गावकऱ्यांनी खाण कंपन्यांच्या करातून एक हायस्कूल बांधले. १९२० ते १९२२ या काळात उभ्या राहिलेल्या त्या इमारतीला चाळीस लाख डॉलरच्या घरात खर्च आला. सभागृहात सुमारे अठराशे खुर्च्या, छताला चेकोस्लोव्हाकियाहून आणलेली बिलोरी झुंबरे, दारांना पितळी मुठी, पोहायला तलाव. आणि शिकायला येणारी मुले कोणाची, तर क्रोएशिया, इटली, फिनलंडमधून पोटासाठी आलेल्या आणि दिवसभर तांबड्या मातीत राबणाऱ्या मजुरांची. गायक बॉब डिलन १९५९ मध्ये याच शाळेतून बाहेर पडला, त्यामुळे तिचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते.

पण मला या इमारतीचे कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. तिच्यात शाळेबरोबर एक कॉलेजही नांदत होते. हिबिंगच्या शाळा मंडळाने १९१६ मध्ये एक ज्युनिअर कॉलेज काढले होते आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे वर्ग हायस्कूलच्याच छताखाली भरत. इथे एक खुलासा करायला हवा. आपले ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. त्यांचे ज्युनिअर कॉलेज बारावीनंतरचे, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे. बारावीचा वर्ग आणि पदवीचा पहिला वर्ग यांच्यात तिथे फार तर एका जिन्याचे अंतर असावे. हा जिना ज्याने पाहिला, त्याच्यावरून चढून जो पुढे गेला, त्याची ही गोष्ट आहे.

रुडॉल्फ जॉर्ज पर्पिच याचा जन्म २७ जून १९२८ रोजी हिबिंगजवळच्या कार्सन लेक या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. वडील अँटन क्रोएशियातून आलेले, खाणीत कामाला. घरात बोलणे क्रोएशियन. पहिलीच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत या मुलाला इंग्रजी येत नव्हते. आपल्याकडे आश्रमशाळेत किंवा साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत जे शिक्षक शिकवतात, त्यांना असे मूल चटकन डोळ्यांपुढे उभे राहील. समोरच्या बाई काय म्हणताहेत ते कळत नाही, म्हणून ते मान खाली घालून बसते आणि सगळे त्याला मठ्ठ समजतात. रूडी मठ्ठ नव्हता. १९४६ मध्ये तो त्या झुंबरांच्या शाळेतून उत्तीर्ण झाला, दोन वर्षे लष्करात राहिला, परत आला आणि हिबिंगच्याच ज्युनिअर कॉलेजात दाखल झाला. १९५० मध्ये तिथला अभ्यासक्रम संपवून तो मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात गेला आणि १९५४ मध्ये दंतवैद्य होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी लोला सिमिक हिच्याशी त्याचे लग्न झाले. पुढे त्याचे दोन भाऊही दंतवैद्य झाले आणि गंमत म्हणजे तिघेही राज्याच्या सिनेटमध्ये जाऊन बसले.

खाणमजुराचा मुलगा दंतवैद्य झाला ही घटना आपण सहसा कष्ट आणि जिद्द या दोन शब्दांत संपवतो. कष्ट आणि जिद्द होतीच. परंतु बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. कोणतीही यशोगाथा ऐकली की तो मनातल्या मनात खतावणी उघडतो आणि पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला ते पाहू लागतो. रूडीच्या खतावणीत पहिली नोंद सार्वजनिक पैशाची आहे. जमिनीतून निघालेल्या लोखंडावर कर बसला, त्या कराची शाळा झाली, शाळेच्याच मंडळाने कॉलेज चालवले. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पदवीची पहिली दोन वर्षे नसती, तर पुढचे सगळे कसे घडले असते कोण जाणे.

डॉक्टर पर्पिच यांनी हिबिंगमध्ये दवाखाना थाटला आणि १९५६ मध्ये ते गावच्या शाळा मंडळावर निवडून आले. राजकारणातली त्यांची पहिली खुर्ची शाळेची होती हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६३ पासून ते राज्याच्या सिनेटमध्ये बसू लागले. १९७० च्या निवडणुकीत ते लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपराज्यप्रमुख, झाले. गव्हर्नर होते वेंडेल अँडरसन. इथे हेही सांगायला हवे की अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो. आपल्या राज्यपालापेक्षा तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

१९७१ मध्ये या सरकारने एक मोठे काम केले, आणि पुढच्या कथेची चावी त्यात आहे. तोवर शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीवर चाले. ज्या गावात कारखाने, खाणी, श्रीमंत घरे, तिथली शाळा संपन्न. शेजारच्या कोरड्या गावातली शाळा फाटकी. अँडरसन यांच्या सरकारने राज्याचे कर वाढवून शाळांच्या खर्चातला राज्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास नेला. वादावादी पुष्कळ झाली, अधिवेशन लांबले, पण कायदा झाला. त्याचा एक परिणाम त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. शाळेला मिळणारा पैसा आता मुख्यतः दर विद्यार्थ्यामागे राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला. गावाच्या घरपट्टीतून आलेला पैसा गावाच्या वेशीशी बांधलेला असतो. राज्याच्या तिजोरीतून मुलाच्या नावे आलेला पैसा हलवता येतो. तो कुठे हलवायचा, हे ठरवायला अजून चौदा वर्षे होती.

२९ डिसेंबर १९७६ रोजी पर्पिच गव्हर्नर झाले ते निवडणुकीने नव्हे. वॉल्टर मॉन्डेल देशाचे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्याने सिनेटमधली त्यांची जागा रिकामी झाली, अँडरसन यांनी गव्हर्नरपद सोडले, आणि नवे गव्हर्नर पर्पिच यांनी त्या जागेवर अँडरसन यांनाच नेमले. लोकांना हा देवघेवीचा व्यवहार वाटला. १९७८ मध्ये मतदारांनी दोघांनाही घरी बसवले. अवघ्या दोन वर्षांच्या या पहिल्या खेपेत पर्पिच यांनी रोझाली वाल यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. त्या न्यायालयातल्या त्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती.

पराभवानंतर पर्पिच कंट्रोल डेटा या संगणक कंपनीच्या नोकरीत शिरले आणि व्हिएन्नाला जाऊन राहिले. पन्नाशीतला, निवडणूक हरलेला राजकारणी परदेशी नोकरीला गेला की लोक त्याला विसरतात. हे गृहस्थ १९८२ मध्ये परतले, पक्षाने अधिकृत केलेल्या उमेदवाराला प्राथमिक फेरीत हरवले आणि पुन्हा गव्हर्नर झाले. १९८६ मध्ये आणखी एकदा निवडून आले. दोन्ही खेपा मिळून दहा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. मिनेसोटात इतका काळ दुसरे कोणीही गव्हर्नर नव्हते.

१९८३ मध्ये केंद्र सरकारच्या एका आयोगाने अमेरिकी शाळांची दशा फार वाईट असल्याचा अहवाल दिला आणि देशभर शाळा सुधारण्याची लाट आली. बहुतेक राज्यांनी मार्ग धरला तो परीक्षा कडक करण्याचा, तास वाढवण्याचा. पर्पिच यांनी जानेवारी १९८५ मध्ये जे मांडले ते निराळे होते. अकरावी-बारावीच्या मुलांना गावाच्या हद्दीबाहेरची सरकारी शाळाही निवडता यावी आणि त्यांच्या वाट्याचा राज्याचा पैसा त्यांच्या मागोमाग त्या शाळेत जावा. आणि ज्याला झेपेल त्याने हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घ्यावेत. त्याचाही खर्च याच पैशातून व्हावा.

यावर काहूर उठले. शिक्षक संघटना नाराज झाल्या, आणि त्या तर पर्पिच यांच्या पक्षाच्या जुन्या आधारस्तंभ. मुख्याध्यापक आणि शाळा मंडळे विरोधात गेली. शाळा निवडण्याचा मोठा भाग त्या अधिवेशनात वगळला गेला. तो प्रत्यक्षात यायला १९८८ पर्यंतचा काळ लागला. पण कॉलेजचा भाग टिकला, कारण विरोधी पक्षातल्या एका बाईंनी तो उचलून धरला. प्रतिनिधिगृहात तेव्हा रिपब्लिकनांचे बहुमत होते आणि कॉनी लेव्ही या त्यांच्या बहुमताच्या नेत्या होत्या. एका पक्षाचा गव्हर्नर आणि दुसऱ्या पक्षाची सभागृहनेती यांनी मिळून १९८५ मध्ये हा कायदा संमत करून घेतला. साऱ्या राज्याला लागू होणारा आणि पैशाची सोय कायद्यातच बांधून देणारा असा कायदा अमेरिकेत बहुधा याआधी कुठे नव्हता.

तो चालतो कसा, ते सांगतो. समजा बारावीतल्या एका मुलीने गणित आणि रसायनशास्त्र हे दोन विषय जवळच्या कॉलेजात घेतले. ती तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसते, तोच पेपर लिहिते. उत्तीर्ण झाली की तिच्या नावे कॉलेजची क्रेडिट जमा होतात, आणि तेच विषय हायस्कूलच्या दाखल्यासाठीही धरले जातात. एकच अभ्यास दोन खात्यांत जमा. तिला शिकवणीचे शुल्क नाही, पुस्तकेही मोफत. वापरून झाली की परत करायची. तिच्यासाठी शाळेला राज्याकडून जे अनुदान मिळाले असते, त्यातला काही भाग शाळेकडे राहतो आणि उरलेला कॉलेजकडे वळतो. एखादी मुलगी पूर्ण वेळ कॉलेजात गेली, तर बारावी संपताना तिच्या गाठीला पदवीची दोन वर्षेसुद्धा असू शकतात.

कॉलेजचा अभ्यास शाळेत करण्याची कल्पना नवी नव्हती. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट नावाच्या परीक्षा १९५० च्या दशकाच्या मध्यापासून होत्या. पण त्या आधी बहुतांशी चांगल्या, संपन्न शाळांत रुजल्या, आणि सगळा भार एका शेवटच्या परीक्षेवर. ज्या शाळेला तो विषय शिकवणारा शिक्षकच परवडत नाही, तिथल्या मुलाला त्यांचा काय उपयोग? पर्पिच यांनी त्या मुलाच्या हातात जणू धनादेशच दिला.

विरोध करणाऱ्यांना केवळ स्वार्थी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. एखाद्या खेड्यातल्या हायस्कूलचा विचार करा. बारावीत तीस मुले. त्यातली सहा कॉलेजात गेली. सहा मुलांचा पैसा गेला, पण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचा पगार तेवढाच, बसचे डिझेल तेवढेच, वर्ग तापवायचा खर्च तेवढाच. शिवाय गेलेली सहा बहुधा वर्गातली चुणचुणीत. मागे राहिलेल्या चोवीस जणांचा वर्ग त्यांच्यावाचून निस्तेज होणार. बँकेतही मोठा ठेवीदार खाते बंद करतो तेव्हा शाखेचे भाडे कमी होत नाही. ही तक्रार खरी होती आणि आजही खरी आहे. म्हणूनच कायद्यात एक विचित्र कलम बराच काळ राहिले: कॉलेजांनी आपल्या अभ्यासक्रमाची माहिती मुलांना द्यावी, पण पैसे वाचतील असे सांगून मुले ओढू नयेत. त्यामुळे व्हायचे ते झाले. सुशिक्षित घरांना ही वाट आपोआप कळे. ज्या घराला पैसे वाचण्याची सर्वांत जास्त गरज, त्याला सांगायला कोणी येत नसे. ही बंदी सैल व्हायला २०१४ साल उजाडले.

पण दुसरी बाजूही पाहावी. मुले जाऊ लागताच हायस्कुले जागी झाली. आपल्याच वर्गात वरच्या पायरीचे विषय शिकवायला त्यांनी सुरुवात केली, विद्यापीठाशी करार केले. मिनेसोटा विद्यापीठाने १९८६ पासून हायस्कुलांमध्येच आपले अभ्यासक्रम चालवण्याचा उपक्रम सुरू केला. ज्या मुलाने कधी शाळा सोडली नाही, त्यालाही या कायद्याने काही दिले. १९८७ मध्ये अभ्यासात मागे पडलेल्या आणि शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांनाही दुसरी वाट निवडण्याचा हक्क मिळाला. ओहायोने १९८९ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये असेच कायदे केले, मग इतर राज्ये आपापल्या परीने आली. २०२२-२३ या वर्षी अमेरिकेत कॉलेजचे विषय घेणारी हायस्कूलची मुले पंचवीस लाखांच्या आसपास होती. मात्र सगळीकडे पैसा मुलाच्या मागे जात नाही. काही राज्यांत अजून पालकांना शुल्क भरावे लागते, आणि कृष्णवर्णीय व गरीब घरांतली मुले या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसतात. मिनेसोटात गरीब मुलाला कॉलेजपर्यंतच्या प्रवासाचा खर्च मागता येतो खरा; पण ज्या गावाजवळ कॉलेजच नाही, तिथे प्रवासखर्च मिळून काय होणार?

पर्पिच यांचे सगळेच निर्णय असे फळले नाहीत. खाणी मंदावल्या होत्या, गावाकडची पोरे बेकार होती, म्हणून हिबिंगमध्ये जपानला जेवणाच्या काड्या पुरवणारा कारखाना काढायच्या खटपटीला त्यांनी पाठबळ दिले. सार्वजनिक पैसा गुंतला. कारखाना १९८७ मध्ये सुरू झाला आणि १९८९ मध्ये बंद पडला. कर्ज बुडाले. वृत्तपत्रांनी टिंगल केली, एका बड्या साप्ताहिकाने त्यांना खुळा गव्हर्नर ठरवले. मी शाखेत अशी बुडीत कर्जे पाहिली आहेत आणि त्यांच्या मागचे सद्हेतूही पाहिले आहेत. ज्या माणसाने काड्यांचा कारखाना काढायला हात दिला, त्याच माणसाने, त्याच तळमळीने, तो कायदाही केला. काड्यांचे नुकसान दोन वर्षांत ताळेबंदात दिसले. कायद्याचा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, कारण तो हजारो घरांच्या न काढलेल्या कर्जात आहे.

१९९० च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मतदानाला थोडे दिवस उरले असताना आरोपांमुळे बाजूला झाला, त्याच्या जागी अर्नी कार्लसन आयत्या वेळी उभे राहिले आणि तरीही पर्पिच हरले. जानेवारी १९९१ मध्ये पायउतार झाल्यावर ते काही काळ नुकत्याच स्वतंत्र झालेल्या क्रोएशियात, झाग्रेबला जाऊन राहिले. बापाने पोटासाठी सोडलेला देश उभा राहत असताना मुलगा तिथे मदतीला गेला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने मिनेसोटातच त्यांचे निधन झाले. त्यांनी १९८५ मध्ये पाया घातलेली कलाशिक्षणाची सरकारी शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण त्यांचे खरे स्मारक मला वाटते ते मुलाच्या मागे जाणाऱ्या त्या अनुदानात आहे.

आता थोडे आपल्याकडचे, कारण ते माझ्या मनातून जात नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका शाखेत असताना एक शेतकरी शैक्षणिक कर्जासाठी आले होते. मुलाने बारावीच्या वर्षातच शेजारच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे बसून पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित संपवले होते. तरीही त्याला ते वर्ष पुन्हा बसून काढायचे होते, त्याचे शुल्क, वसतिगृह, खानावळ सगळे भरायचे होते. शेतकऱ्याने मला साध्या भाषेत विचारले की मुलाला जे येते त्याचे पैसे परत कशाला भरायचे. मी नियम सांगितला आणि कर्ज मंजूर केले. त्या एका वर्षावरचे व्याजही आम्ही नियमाप्रमाणे लावले. त्यात कोणाची चूक नव्हती. तसा रकानाच कुठल्या कागदावर नव्हता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये क्रेडिट जमा करण्याची अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, आणि २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळेचाही अभ्यास त्याच मोजमापात आणला. बँक हा शब्द वाचून मला, निवृत्त माणसाला, बरे वाटले. रकाना तयार झाला. परंतु खात्यात क्रेडिट जमा होण्यासाठी आधी कुणीतरी बारावीच्या मुलीला पदवीच्या वर्गात बसवायला हवे. ती बसली तर प्राध्यापकाच्या तासाचे, प्रयोगशाळेतल्या रसायनांचे, एस.टी.च्या पासाचे पैसे कोण देणार? तिच्या अकरावी-बारावीसाठी सरकार जो पैसा खर्च करते, त्यातला वाटा तिच्या मागोमाग जाणार की नाही? आणि गेला, तर तिच्या मागे राहिलेल्या तालुक्याच्या शाळेतला भौतिकशास्त्राचा शिक्षक कसा टिकवायचा?

हिबिंगच्या दंतवैद्याने यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चाळीस वर्षांपूर्वी कायद्यात लिहिली. तिसऱ्याचे त्यालाही पुरते जमले नाही. आपण तिन्ही प्रश्न अजून हातात घ्यायचे आहेत. पासबुक छापून झाले आहे. पहिले व्हाउचर कोण लिहितो, याची मी वाट पाहतो आहे.